उचित

खानापुरात रेंज ऑफिससमोर, जांभळीखाली
माझं टेबल. एक पाय आखूड, त्याखाली कौलाचा तुकडा.
मी अर्ज लिहितो. कानडीत, कारण आत कानडी चालते.
बोलतो मराठीत, कारण जांभळीखाली तीच थांबते.
अर्जाला तीस रुपये. झेरॉक्स वेगळी.

मष्णू गावडा आला तेव्हा पिशवीत चार रताळी,
अर्धी अर्धी खाल्लेली.
पुरावा, म्हणाला, आणि टेबलावर मांडली ओळीनं.
सुळ्याची चीर साफ दिसत होती, वर सुकलेली लाळ.
मी लिहिलं: काडुहंदी, म्हणजे रानडुक्कर.
सर्व्हे नंबर एकशे बारा बटा तीन. नुकसान सहा गुंठे.

महिन्यानं कागद आला निळ्या शिक्क्याचा.
एक डुक्कर. नर. ह्याच शेतात, अर्जदाराच्या देखत.
मादी मारू नये.
आणि तळाला, शुल्काच्या रकान्यात
एकच शब्द: उचित.

आता हा शब्द बघा की.
कानडीत उचित म्हणजे फुकट.
मराठीत उचित म्हणजे योग्य.
अक्षरं तीन, दोन्हीकडे तीच,
उच्चारात सुद्धा फार फरक नाही.
मष्णूला मी सांगितलं, फुकट हाय.
दुसरा अर्थ सांगितला नाही. त्यानं विचारला नव्हता.

जांबोटी रोडला डिगेकरांच्या सुहासचं रिसॉर्ट.
तो असले कागद गोळा करतो गावोगाव फिरून.
मालकाला पाचशे, वर मटणाचा वाटा.
पाहुण्याला पंचवीस हजार.
पावतीवर छापलंय: टॅग फी.
मी एकदा विचारलं, सुहास, हे कायद्यात बसतं काय?
हसला. काका, कागदाचे कुठं घेतो मी?
जीपचे घेतो, जेवणाचे, हाकाऱ्यांचे, बॅटरीचे.
कागद फुकटच की.
मला उत्तर सुचलं नाही.
मी तरी कागदाचे कुठं घेतो?
शाईचे घेतो. बसण्याचे. भाषेचे.

त्या रात्री मष्णू हाकाऱ्यात होता,
स्वतःच्याच कागदासाठी डबा बडवत, तीनशे रुपये रोजानं.
पाहुणा हुबळीचा, बूट करकरीत नवे.
शेतात डुक्कर आलंच नाही.
रताळी संपली होती, येईल कशाला?
मग जीप नाल्यापलीकडं गेली, रानात,
जिथं एकशे बारा बटा तीन नाही,
कुठलाच बटा नाही.
दोन बार झाले.
बॅटरी जवळ नेली तर, मष्णू म्हणाला,
दूध गळूलतं.
एवढंच म्हणाला, आणि तळहात धोतराला पुसला,
कोरडाच होता तो.

सकाळी दोघं टेबलापुढं. सुहास उभा, मष्णू उकिडवा.
खबर लिहायची होती आत द्यायला.
गंडु म्हणजे नर. हेण्णु म्हणजे मादी.
मी मष्णूकडं बघितलं.
तो जांभळीच्या मुंग्या बघत होता, ओळीनं चाललेल्या,
जणू त्यांना कुणी हाकलूलंय.
मी गंडु लिहिलं.
हात थरथरला नाही. चाळीस वर्षांचं वळण आहे,
अक्षर सुंदर आलं.

सुहासनं पाकीट उघडलं, शंभराच्या चार नोटा दिसतील एवढं.
म्हणाला, काका, उचित ते घ्या.
मराठीतच म्हणाला.
मी कानडीत ऐकलं.
पाकीट मिटलं त्याचं त्यानंच, जरा गोंधळून.
म्हणून काही धुतला गेलो असं नाही.
खोटं आहे तिथंच आहे, फायलीत, निळ्या शिक्क्याखाली.
फक्त त्याची पावती नाही.

मष्णू उठला. काही बोलला नाही.
जाताना वाकून टेबलाखालचं कौल
पायानं नीट आत सारलं,
आणि टेबल, जे इतकी वर्षं डुगडुगत होतं,
दुपारपर्यंत हललं नाही.